रिठा, गवार आणि खडकात अडकलेलं तेल: कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघायची सगळी रीत

मराठवाड्यात तेलाची विहीर नाही, आणि लागेल अशी आशाही कुणी धरू नये. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल बोअर घेतला, तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आत काळा पाषाण संपला, मध्ये गाळाचा जेमतेम काही मीटरचा थर लागला आणि खाली थेट ग्रॅनाइट. तेल मुरायला जो जाड गाळाचा खडक लागतो, तो तिथं नव्हताच. तरीही दरवर्षी एम.एस्सी.ची दोन-चार लेकरं माझ्याकडे येतात. "सर, रिठ्याच्या पाण्यानं जुन्या विहिरीतून जास्त तेल निघतं म्हणे. त्याच्यावर प्रोजेक्ट करू का?"

मी हो म्हणतो. रिठा आपल्याकडं आहे, हिंगणबेट रानात आहे, गवार बांधावर आहे, उसाचं चिपाड तर ढिगानं पडलेलं असतं. थेंब मोजून ताण काढायचा स्टॅलॅग्मोमीटर आणि द्रवाचा घट्टपणा मोजायचा ओस्वाल्डचा व्हिस्कोमीटर कुठल्याही कॉलेजात कपाटात धूळ खात असतो. आणि हा प्रयोग फसवतो फार चांगला. पहिल्या वर्षी आम्ही फसलो, ते पुढं येईलच.

आधी तेल अडकतं कुठं ते बघू

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. वाळूच्या किंवा चुनखडीच्या दगडातल्या बारीक छिद्रांत ते भरलेलं असतं, आपल्या बोअरचं पाणी खडकाच्या फटींत असतं तसं. सुरुवातीला दाबानं आपोआप वर येतं. दाब उतरला की शेजारच्या विहिरीतून पाणी ढकलून तेल पुढं रेटतात. एवढं करूनही बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. डिगबोईची विहीर १८८९ची, मुंबई हायचा शोध १९७४चा. म्हणजे आपल्या देशातले मोठे साठेही आता म्हातारे झालेत. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारनं वाढीव उत्पादनाच्या पद्धतींना सवलती देणारं धोरण मंजूर केलं.

राहिलेलं तेल दोन कारणांनी राहतं, आणि या दोन्हींची गल्लत केली की पुढचं सगळं चुकतं. पहिलं कारण असं की पाणी पातळ आणि तेल घट्ट. पाणी तेलाला सरळ ढकलत नाही, वाट काढून पुढं पळतं. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पाणी सोडलं की ते भेगांतूनच पळतं आणि मधली ढेकळं कोरडी राहतात, तसंच. यावर उपाय म्हणजे पाणी घट्ट करणं, आणि इथं गवारीचा डिंक कामाचा. दुसरं कारण, पाणी जिथं पोचलं तिथंही तेलाचे थेंब छिद्रांच्या अरुंद तोंडाशी अडकून बसतात. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण त्यांना वाकू देत नाही. हा ताण साधारण २० ते ३० मिलीन्यूटन प्रति मीटर असतो. तो कमी करायला साबणासारखं काहीतरी लागतं, आणि ते काम रिठ्याचं.

राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पहिला उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आहे. २००४ साली सापडलेलं आणि २००९ साली सुरू झालेलं हे क्षेत्र, तेल मेणचट. तिथं पाण्यात पॉलिमर, म्हणजे पाणी घट्ट करणारे लांब साखळीचे रेणू, मिसळून सोडतात. चीनच्या दाचिंगमध्ये हेच १९९०च्या दशकापासून चालू आहे. दोन्हीकडचं पॉलिमर मात्र कारखान्यात बनवलेलं, पेट्रोरसायनातून आलेलं. आपण विचारतोय ते इतकंच, की त्याजागी झाडाचं काही चालेल का.

कच्चा माल: काय घ्यावं, काय सोडावं

रिठा घ्या. वरचं सुरकुतलेलं साल हवं, आतली काळी कडक बी नको. साबणासारखा पदार्थ, म्हणजे सॅपोनिन, सालीत असतो. रिठा आणि साबण यांतला फरक आपल्या घरातल्या आयांना पाठ आहे: बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, बादलीत पांढरा साका तरंगतो, आणि रिठ्याला मात्र त्याच पाण्यात फेस येतो. कारण साबणाचा रेणू पाण्यातल्या कॅल्शियमला धरतो आणि त्याचा साका होतो. सॅपोनिनला साखरेच्या साखळ्या असतात, त्याला कॅल्शियमचं फारसं सोयरसुतक नसतं. तेलाच्या साठ्यातलं पाणी आपल्या बोअरपेक्षाही खारं आणि जड असतं. त्यामुळं करंजाच्या किंवा करडईच्या तेलाचा साबण करून खाली सोडायची कल्पना कागदावर झकास दिसते आणि पहिल्याच परीक्षेत फाटते. ज्यांना पटत नाही त्यांनी दोन परीक्षानळ्यांत करून बघावं, पाच मिनिटांचं काम आहे.

हिंगणबेटाच्या गरातही सॅपोनिन असतं. वेगळं काही करायचं असेल तर ते घ्या, पण फळ हंगामातच मिळेल. शिकेकाई चालते, पण तिचं द्रावण आंबट निघतं आणि त्यामुळं पुढच्या सोड्याशी तिचं जमत नाही.

गवारीचा डिंक बाजारातला खाद्य प्रतीचा घ्या, स्वतः काढत बसू नका. आपण शेंगा खातो, डिंक मात्र पक्क्या बीच्या आतल्या पांढऱ्या भागातून निघतो आणि त्याचं मोठं पीक राजस्थानात. २०१२च्या सुमारास गवारीचे भाव आभाळाला भिडले होते ते अमेरिकेतल्या शेल नावाच्या घट्ट खडकातल्या विहिरींमुळं. खडक फोडायच्या पाण्यात हा डिंक घालतात. पण तिथं डिंकाचं काम काही तासांचं. काम झालं की तो मुद्दाम तोडून टाकतात. आपल्या कामात तो महिनोन्‌महिने टिकला पाहिजे. एकाच डिंकाकडून मागणी अगदी उलटी आहे, हे लक्षात ठेवा.

याशिवाय साधं मीठ, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, लिक्विड पॅराफिन, थोडं डिझेल आणि ओलेइक ॲसिड. खरं कच्चं तेल मिळत नाही आणि मिळवायच्या मागं लागूही नका. पॅराफिन आणि डिझेल मिसळून हवा तेवढा घट्टपणा आणता येतो. पण या मिश्रणात कच्च्या तेलातली नैसर्गिक आम्लं नसतात, आणि सोड्याचा सगळा खेळ त्या आम्लांवर चालतो. म्हणून वजनानं अर्धा टक्का ओलेइक ॲसिड घाला. हिशेब सोपा आहे: एक ग्रॅम तेलात ५ मिलीग्रॅम आम्ल आलं, त्याला साधारण १ मिलीग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, म्हणजे आम्लांक १. एक टक्का घातलंत तर २.

एक सावधगिरी. कोरड्या रिठ्याची भुकटी नाकात गेली की शिंका थांबत नाहीत आणि डोळ्यांत गेली तर दिवस वाया जातो. मास्क आणि चष्मा लावूनच दळा. डिझेल असलेल्या टेबलावर बर्नर पेटवायचा नाही, हे सांगावं लागू नये, पण दरवर्षी सांगावं लागतं.

पहिली पायरी: अर्क

साली सावलीत वाळवून जाडसर दळा. १०० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात, ५० ते ६० अंशांवर तीन तास, अधूनमधून ढवळत. उकळू नका. जास्त उष्णता आणि आम्लाच्या जोडीनं साखरेच्या साखळ्या तुटतात आणि मग उरतो तो गाळ. आधी मलमलीतून, मग गाळणकागदातून गाळा. कागद लवकर तुंबतो, एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून वरचं निवळ घेतलं तर त्रास कमी.

आता यात काय आहे ते मोजा. वजन केलेल्या बशीत १० मिली अर्क घेऊन ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. जे उरलं ते सगळं सॅपोनिन नव्हे. साखर, रंग, डिंक सगळं त्यात आहे. बहुतेक अहवालांत इथंच पहिली खोट असते. लिहिलेलं असतं "०.५ टक्के सॅपोनिन" आणि असतं ०.५ टक्के सुका अर्क. जमत असेल तर ब्युटेनॉलनं धुऊन घ्या, सॅपोनिन ब्युटेनॉलच्या थरात जातं आणि बरीचशी साखर पाण्यात राहते. जमत नसेल तर अहवालात स्वच्छ "सुका अर्क" असं लिहा.

अर्क चार-पाच दिवसांत आंबतो. पुरेल एवढाच करा.

दुसरी पायरी: थेंब मोजा

फेस बघून खूश होऊ नका. फेस हा हवा आणि पाणी यांच्या सीमेचा मामला आहे, आपल्याला तेल आणि पाणी यांची सीमा हवी आहे. तरी सुरुवात हवेपासूनच करू, कारण उपकरण तयार आहे.

दोन टक्के मिठाच्या पाण्यात अर्काची द्रावणं करा: ०.०१, ०.०२, ०.०५, ०.१, ०.२, ०.५ आणि १ टक्का. स्टॅलॅग्मोमीटरनं ठरावीक आकारमानात किती थेंब पडतात ते मोजा. ताण कमी झाला की थेंब लहान होतो आणि संख्या वाढते. समजा शुद्ध पाण्याचे ६० थेंब आले आणि द्रावणाचे १०८, तर पाण्याचा ताण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर धरून ७२ गुणिले ६० भागिले १०८, म्हणजे द्रावणाचा ताण सुमारे ४०. घनतेचा फरक मोठा असेल तर तोही गुणाकारात घ्या. आलेख काढला की एका जागी रेघ उतरायची थांबते आणि आडवी होते. त्या जागेपुढं अर्क वाढवून ताण कमी होत नाही, फक्त खर्च होतो. पण आडव्या रेघेवर अगदी काठाला राहू नका, थोडं पुढं राहा. का, ते खडकाच्या पायरीत कळेल.

आता तेलाची बाजू. एक मिलीच्या सिरिंजची सुई टोक घासून बोथट करा आणि वाकवून तोंड वर करा. ती द्रावणात बुडवून अर्धा मिली तेल सावकाश सोडा. तेलाचे थेंब वर सुटतील, ते मोजा. आधी नुसत्या खाऱ्या पाण्यात, मग द्रावणात. संख्या जितक्या पट वाढली तितक्या पट ताण घटला. खरा आकडा नाही मिळत, पण तुलना चोख मिळते आणि खर्च एका सिरिंजचा.

रिठ्यानं ताण ३० वरून ३ वर आला असं धरा. दहा पट घट, टाळ्या वाजवाव्यात अशी. पण साठ्यात पाणी दिवसाला एखादा फूट सरकतं. त्या वेगानं अडकलेला थेंब हलवायचा तर ताण शंभर ते हजार पट उतरायला हवा. रिठा एकटा तिथं पोचत नाही. हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं, म्हणजे पुढं मोठाले दावे करायचा मोह होत नाही.

म्हणून सोडा. अर्काच्या द्रावणात ०.२५, ०.५ आणि १ टक्का सोडियम कार्बोनेट घालून तेच थेंब पुन्हा मोजा. तेलातलं ओलेइक ॲसिड सोड्याशी मिळून तिथल्या तिथं साबण होतो आणि थेंबांची संख्या एकदम उडी मारते. एखाद्या प्रमाणाला थेंब न सुटता तेलाची धारच लागेल. तिथं ही पद्धत संपली असं समजा आणि ते प्रमाण लाल पेनानं लिहून ठेवा, ते तुमचं सगळ्यात कामाचं द्रावण आहे. बोअरच्या पाण्यात हीच परीक्षा केलीत तर सोडा कॅल्शियमशी भांडून पांढरा साका पाडतो. तेही नोंदवा. साठ्यातलं पाणी जड असेल तर आधी ते मऊ करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा.

तिसरी पायरी: शहाबादी फरशीचा तुकडा

ताण कमी करण्यापलीकडं रिठ्याचं एक काम आहे आणि माझ्या मते तेच त्याचं खरं काम. खडकाला तेल चिकटलेलं असेल तर ते सोडवणं. मुंबई हायचं बरंचसं तेल चुनखडीच्या दगडात आहे, आणि चुनखडी तेलातल्या आम्लांना धरून बसते. आपल्या घरांतली शहाबादी फरशीही चुनखडीचीच. तेव्हा मुंबई हायचा नमुना मागवायची गरज नाही, अंगणात पडलेला तुकडा पुरे.

तुकडे बारीक पॉलिश पेपरनं घासून, धुऊन वाळवा. काही तुकडे एक टक्का ओलेइक ॲसिड घातलेल्या तेलात दोन दिवस बुडवा आणि पुसून घ्या. पाण्याचा थेंब ठेवा: कोऱ्या तुकड्यावर तो पसरतो, तेल प्यायलेल्यावर गोळा होऊन बसतो, अळवाच्या पानावर बसतो तसा. आता तेलकट तुकडे एक दिवस रिठ्याच्या द्रावणात, दुसरे नुसत्या खाऱ्या पाण्यात ठेवा. हलकेच धुऊन पुन्हा थेंब ठेवा. मोबाइल तुकड्याच्या पातळीला टेकवून बाजूनं फोटो काढा आणि थेंबाची कड दगडाशी करते तो कोन मोजा. एका तुकड्यावर भागत नाही. पाच तरी घ्या, कारण फरशीत शिरा असतात.

चौथी पायरी: खडक किती पितो

इथं सावकाश जाऊ, कारण झाडाची बहुतेक रसायनं याच पायरीवर मरतात.

रसायन पाण्यात असतं तोवर कामाचं. खडकाच्या अंगाला चिकटलं की गेलं. ५० मिली द्रावणात १० ग्रॅम धुतलेली वाळू घाला, बाटली बंद करून दिवसभर हलवत ठेवा, गाळा आणि थेंब मोजा. दुसऱ्या पायरीतला आलेख आता उलटा वाचायचा: एवढे थेंब म्हणजे एवढं प्रमाण उरलं. उतरत्या रेघेच्या भागात येईल एवढं विरळ करून मग मोजा, नाहीतर आडव्या भागात सगळं सारखंच दिसतं. जे कमी झालं ते वाळूनं प्यायलं.

मग दुसऱ्या बाटलीत त्या वाळूत पाच टक्के आपली काळी माती मिसळा आणि तेच करा. फरक बघून तोंडात बोट जातं. काळ्या मातीत पाण्यानं फुगणारी चिकणमाती असते, तिच्यामुळंच उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पावसात पाय रुततो. पातळ पापुद्र्यांमुळं तिचं पृष्ठफळ वाळूच्या कितीतरी पट असतं. साठ्याच्या खडकातही कमी-जास्त चिकणमाती असतेच. धुतलेल्या वाळूवर पास झालेलं रसायन चिकणमातीवर नापास होतं, आणि अहवालात आकडे बहुतेकदा धुतलेल्या वाळूचेच असतात.

आता मोठा हिशेब करू. शंभर मीटर लांब, शंभर रुंद आणि दहा मीटर जाड असा साठ्याचा छोटा तुकडा घ्या, छिद्रं २५ टक्के. म्हणजे छिद्रांचं आकारमान २५,००० घनमीटर. त्याच्या ३० टक्के द्रावण सोडायचं, ०.५ टक्क्यांचं. ७,५०० घनमीटरला ३७.५ टन सॅपोनिन लागलं. उरलेला ७५,००० घनमीटर खडक, २.६५ घनतेनं जवळजवळ २ लाख टन. एक ग्रॅम खडकानं एकच मिलीग्रॅम सॅपोनिन प्यायलं असं धरा, तर सगळा खडक २०० टन पिणार. आपण सोडलं ३७.५. म्हणजे द्रावण वाटेतच संपलं. आणि सुक्या सालीत दहा टक्के सॅपोनिन धरलं तर ३७.५ टनांसाठीच ३७५ टन साल हवी. हा हिशेब मी प्रत्येक गटाला फळ्यावर करायला लावतो. त्यानंतर "रिठा लागवडीतून मराठवाड्याचा कायापालट" हे अहवालाचं शेवटचं पान आपोआप गळून पडतं.

उपाय नाही असं नाही. खडकाला आधी काहीतरी स्वस्त पाजायचं. उसाच्या चिपाडातलं लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा पदार्थ, इथं उपयोगी पडू शकतं. चिपाड दोन टक्के कॉस्टिक सोड्यात दोन-तीन तास उकळून काळं पाणी गाळून घ्या, आम्ल घालून सामू २ पर्यंत आणलात की लिग्निन खाली बसतं. धुऊन, सोड्याच्या पाण्यात पुन्हा विरघळवून ते वाळूवर आधी सोडा, मग रिठा. वाळू किती कमी पिते ते मोजा. तेलाच्या क्षेत्रात लिग्नोसल्फोनेट, म्हणजे लिग्निनचंच कारखान्यातलं पाण्यात विरघळणारं रूप, अशा बळीच्या बकऱ्यासारखं वापरून बघितलं गेलं आहे. चिपाडाचं लिग्निन त्याचा गरीब चुलतभाऊ, सामू उतरला की विरघळत नाही. तरी वर्षभराच्या प्रोजेक्टला हा विषय एकटाही पुरतो.

पाचवी पायरी: डिंक

गवारीचा डिंक पाण्यात टाकायची रीत पिठल्यासारखी. ढवळत असलेल्या पाण्यात चिमटी-चिमटीनं सोडा, एकदम ओतलं की गाठी. ०.१ ते ०.४ टक्क्यांची द्रावणं करा, दोन तास फुगू द्या, मलमलीतून गाळा. न विरघळणारा चोथा राहतोच, तो वाळूच्या तोंडाशी बसून नळी तुंबवतो आणि तुम्हाला वाटतं की घट्टपणा वाढला. म्हणून सेंट्रिफ्यूज असेल तर फिरवूनच घ्या.

ओस्वाल्डनं वाहायचा वेळ मोजा. लगेच, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. एक बाटली फ्रिजमध्ये, एक टेबलावर आणि एक घट्ट बंद करून ७० अंशांच्या ओव्हनमध्ये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टेबलावरची बाटली दोन दिवसांत आंबूस वास मारते आणि पाण्यासारखी होते. जिवाणूंना तो डिंक म्हणजे आयतं जेवण. तेलक्षेत्रात यावर जंतुनाशक घालतात. कॉलेजात त्या विषारी गोष्टींच्या नादाला न लागता ताजं करा, त्याच दिवशी वापरा आणि टिकाऊपणाचे आकडे वेगळ्या तक्त्यात द्या. तुलनेला झँथन डिंक घेता येईल. तो साखरेवर वाढणाऱ्या जिवाणूपासून मिळतो आणि मीठ बरंच सोसतो.

ओस्वाल्डचा आकडा एकाच वेगाचा असतो. डिंकाचं पाणी जोरात वाहिलं की पातळ वागतं, सावकाश वाहिलं की घट्ट. साठ्यात ते फार सावकाश वाहतं, हे लक्षात असू द्या.

सहावी पायरी: वाळूची नळी

गोदावरीची वाळू, गंगाखेडची असो की नांदेडची, तशीच वापरू नका. तिच्यात बेसॉल्टचे काळे कण, चुनखडीचे खडे आणि माती असते. चुंबक फिरवून लोहकण काढा, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात फसफस थांबेपर्यंत ठेवा, पाणी निवळ येईपर्यंत धुवा, वाळवून चाळा. ४० ते ६० मेशची घ्या (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोकं). हे नको असेल तर पाण्याच्या फिल्टरसाठी मिळणारी पांढरी सिलिका वाळू आणा.

अडीच सेंटिमीटर आतल्या व्यासाची, तीस सेंटिमीटर लांब पारदर्शक ॲक्रिलिक नळी, दोन्ही टोकांना छिद्राची रबरी बुचं आणि आतून बारीक नायलॉन जाळी. नळीत आधी खारं पाणी, मग वाळू चमच्यानं सोडत बाहेरून टिचक्या मारत राहा. कोरडी वाळू भरून मागून पाणी सोडलं तर हवा अडकते, आणि अडकलेली हवा तेलासारखीच वागते. आमच्या पहिल्या तीन नळ्या याच कारणानं फेकल्या. रिकाम्या नळीचं आकारमान सुमारे १४७ मिली, वाळू भरताना बाहेर पडलेलं पाणी वजा करा, जे उरलं ते छिद्रांचं आकारमान. साधारण ५५ मिली येईल. रबरी नळ्यांतलं पाणीही मोजून वजा करा, तीन-चार मिलीचा घोळ तिथंच होतो.

आता वरून सावकाश तेल सोडा. खालून पाणी येणं थांबलं की जेवढं पाणी निघालं तेवढं तेल आत गेलं, उदाहरणार्थ ४४ मिली. झाकून एक-दोन दिवस तसंच ठेवा. मग खालून खारं पाणी. पंप नसेल तर सलाइनची बाटली आणि तिची थेंबाची नळी बेस्ट, दोन मीटर उंच टांगा आणि चाकानं वेग धरा. फक्त थेंब मोजून वेग ठरवू नका. रिठ्याच्या द्रावणाचा थेंब पाण्यापेक्षा लहान असतो, हे तुम्ही स्वतःच दुसऱ्या पायरीत दाखवलंय. मोजपात्र आणि घड्याळ वापरा.

वेगाचंही भान ठेवा. मिनिटाला १ मिली सोडलंत तर वाळूतून पाणी दिवसाला जवळजवळ पावणेआठ मीटर सरकतं, साठ्यातल्या वेगाच्या पंचवीस पट. खरा वेग धरायचा तर तासाला अडीच मिली. रात्रभर चालू द्यायची तयारी ठेवा, नाहीतर निदान वेग लिहा.

तेल यायचं जवळजवळ थांबेपर्यंत पाणी सोडा. समजा २६ मिली निघालं, १८ राहिलं. मग छिद्रांच्या निम्म्या आकारमानाचं, म्हणजे २७ मिली रसायन: रिठा आणि सोडा, मागं गवारीचं पाणी, त्यामागं पुन्हा खारं पाणी. समजा आणखी ४ मिली तेल आलं. ते मूळ तेलाच्या ९ टक्के, आणि राहिलेल्या तेलाच्या २२ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. अहवालात कुठला, ते स्पष्ट लिहा.

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी आम्हाला भरघोस वाढीव तेल मिळालं. पोस्टर झालं, बक्षीस झालं. पुढच्या वर्षीच्या एका मुलीनं विचारलं, "सर, रिठा न घालता तेवढंच पाणी आणखी सोडलं असतं तर?" करून बघितलं. बरंचसं तेल नुसत्या पाण्यानंही आलं. आम्ही पाणी लवकर थांबवलं होतं, एवढंच. तेव्हापासून नियम असा: प्रत्येक रसायनाच्या नळीसोबत एक जोडनळी, तीच वाळू, तेच तेल, तेवढंच द्रव, तोच वेग, फक्त रसायन नाही. दोन नळ्यांतला फरक म्हणजे तुमचं उत्तर. तिसरी नळी फक्त गवारीची आणि चौथी फक्त सोड्याची ठेवलीत तर श्रेय कुणाचं तेही कळेल. आमच्याकडं श्रेय बहुतेक वेळा गवार आणि सोडा वाटून घेतात, रिठा मागं राहतो.

बाहेर येणारं द्रव दुधासारखं असेल तर तेल मोजू नका. चमचाभर मीठ घाला, कोमट पाण्यात रात्रभर उभं ठेवा आणि थर वेगळे झाले की वाचा. फेसाळ दूध तेल समजून मोजल्यामुळं बक्षिसं मिळालेली मी पाहिली आहेत.

धुवणाचं काय करायचं

रिठ्याचं आणि हिंगणाचं पाणी "नैसर्गिक आहे" म्हणून मागच्या नाल्यात सोडू नका. हिंगणाच्या फळानं मासे मारायची जुनी रीत आहे, सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर जातं. विहीर, तळं, शेततळं यांच्यापासून दूर, उघड्या मातीत खड्डा करून तेल नसलेलं धुवण जिरवा. काळी माती ते धरून ठेवते, चौथ्या पायरीत बघितलंच. डिझेल लागलेलं द्रव आणि वाळू मात्र झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत द्या. नळ्या धुताना आधी कोमट पाणी आणि तुमचाच उरलेला रिठ्याचा अर्क वापरा. ॲक्रिलिकला ॲसिटोन लावलंत तर नळी कायमची पांढरी पडेल.